अर्जदाराची मान

दोन हजार चार-पाचच्या सुमारास, अमेरिकेत शिकताना, मी राज्यशास्त्राच्या वर्गासाठी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा प्रोग्रॅम लिहिला. विद्यार्थी हेल्मेटएवढा जड हेडसेट चढवून इमिग्रेशन अधिकारी व्हायचे आणि समोरच्या अर्जदाराला देशात घ्यायचं की नाही, ते ठरवायचे. अर्जदाराला मी माझीच सवय दिली होती: 'हो' म्हणताना मान डावी-उजवीकडे डोलवायची.

सगळ्या वर्गाने त्याला हाकललं. गणपतीत माझ्या शेजारी उभी राहून आरती म्हणणारी, अमेरिकेतच वाढलेली मराठी पोरगीही म्हणाली, "ही इज लाइंग. तोंड 'यस' म्हणतंय, मान 'नो'."

प्रोफेसर पोट धरून हसले. मी प्रोग्रॅममध्ये अर्जदाराची मान सरळ केली. पुढच्या वर्गात सगळ्यांनी त्याला आत घेतलं.

"छान," प्रोफेसर म्हणाले, "आता तुझीही कर."

मी 'हो' म्हणालो, आणि साली मान डोललीच.