भाऊजींचा शुक्रवार

देवाने माणसाला आठवड्याचे सात वार दिले असतील, पण आमच्या भाऊजींनी त्यातला एकच स्वतःकडे ठेवला आणि बाकीचे सहा कंपनीला देऊन टाकले. तो एक म्हणजे शुक्रवार. सण, उपास, वाढदिवस, पाहुणे, केस कापणं, बायकोशी भांडण, गावाकडे फोन, माणसाच्या आयुष्यात जे म्हणून असतं ते सगळं भाऊजी उचलायचे आणि शुक्रवारात नेऊन बसवायचे. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामेभाऊ, वयाने आमच्याहून बरेच मोठे. शारजाच्या औद्योगिक भागात अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारं एक वर्कशॉप होतं, त्याचे ते मॅनेजर. राहायला दुबईत, अल कुसैसला. नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी दुबईला आले ती त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर.

आले तेव्हा श्रावण चालू होता. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर अशी वाफ धरली की परदेशाचं पहिलं दर्शन मला झालंच नाही. न्यायला भाऊजी आले होते. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मागे वळून जाहीर केलं, "उद्या शुक्रवार. म्हणजे आपला श्रावणी सोमवार. उपास सोडायला खालीच या दोघं." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. "हे बघ," भाऊजी मला समजावू लागले, "तिथी इंडियाची, ड्यूटी इथली. दोघांची गाठ पडते फक्त फ्रायडेला. देवाला काय, त्याला रोजच सुट्टी. आपण बोलावू तेव्हा येतो बिचारा." मी पुण्याची. कालनिर्णयाला न विचारता घरात नखंसुद्धा न कापणाऱ्या बाईची मुलगी. मला तर वाटलं, कुठल्या वेड्यांच्या घरात येऊन पडले मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर बाहेर चिटपाखरू नाही. दुकानांची शटर खाली, रस्ता कोरडा ठणठणीत, आणि आवाज म्हणाल तर फक्त एसीची घरघर. पुण्यात मला रोज कावळ्याच्या ओरडण्याने जाग यायची, म्हणून मी सहज विचारलं, "भाऊजी, इथे कावळे नाहीत का हो?" तर म्हणाले, "असतात, समुद्राकडे. इकडे वाळूत येऊन काय खाणार? आणि तुला कशाला हवाय कावळा?" दुपारची नमाज झाली, मग दुकानं उघडली, आणि कामगारांचे जथे मोकळ्या मैदानात येऊन नुसते बसून राहिले. सुट्टीच्या दिवशी इतकी माणसं इतकी गप्प बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. या देशाची माझ्या मनात राहिलेली पहिली आठवण म्हणजे उंच इमारती नाहीत, ती गप्प बसलेली माणसं आहेत.

हळूहळू मीही भाऊजींच्या पंचांगाला सरावले. सरावले म्हणजे काय, दुसरं करणार काय? गणपती गुरुवारी अर्ध्या दिवसाने ड्यूटी सुटल्यावर बसायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी बाथटबमध्ये त्याचं विसर्जन व्हायचं. दिवाळी तर एका दिवसात. सकाळी उटणं लावून नरकासुराला संपवायचं, दुपारी लक्ष्मीपूजन, त्यानंतर घटकाभराने पाडवा, आणि चहाच्या आधी भाऊबीज. वटपौर्णिमा मंगळवारी आली तर भाऊजी म्हणायचे, "सात जन्मांचा मामला आहे, तीन दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडतंय?" वहिनी म्हणजे त्यांची बायको. ती माउली भिंतीवर वडाचं चित्र चिकटवून शुक्रवारी त्याला दोरा गुंडाळायची आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. त्यांची मुलगी तिथेच लहानाची मोठी झालेली. ती एकदा म्हणाली, "बट बाबा, माय बर्थडे इज ऑन मंडे!" भाऊजींनी तिच्या गालाला हात लावला. "मंडेला तू फक्त मोठी हो बेटा. केक फ्रायडेला." आम्ही हसलो. पोरगी नाही हसली.

खरं सांगायचं तर त्या शुक्रवारात एवढं सगळं मावायचंच नाही. दुपारपर्यंत भाऊजी गाडीत बसलेल्या पोरासारखे उत्साहात असायचे, आणि दिवे लागायच्या वेळेला गणपती पाटावर तसाच ठेवून सोफ्यावर घोरायचे. उद्या शनिवार, सहाला न्यायला कंपनीची गाडी. वहिनी आरतीचं तबक हातात घेऊन त्यांच्या जागं होण्याची वाट बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "अगं, मला रडायचं असलं तरी हे म्हणतात शुक्रवारी निवांत बोलू. आणि शुक्रवारी मला रडूच येत नाही." बोलता बोलता हसली, पण मला काही ते हसणं बघवेना.

त्या शुक्रवारात एक गोष्ट मात्र कधी चुकली नाही. त्यांच्या आईला फोन. मामी मिरजेला एकट्या राहायच्या. शुक्रवारी फोन स्वस्त पडायचा, म्हणून दुपारचं जेवण झालं की भाऊजी खुर्ची ओढून बसायचे, आणि तिकडे मामी शेजाऱ्यांच्या फोनजवळ जेवणाआधीपासूनच येऊन बसलेल्या असायच्या. मुलासाठी त्या माउलीनेही आपले वार हलवले होते. खऱ्या तिथीला त्या देवासाठी सण करायच्या आणि शुक्रवारी पुन्हा मुलासाठी. त्याच्या फोटोपुढे पुरणपोळीचं ताट ठेवायचं आणि फोनवर सांगायचं, "वाढलंय रे, जेव आता." आणि भाऊजी, खिडक्यांच्या भावावरून अरबी गिऱ्हाइकांशी तासन् तास घासाघीस करणारा तो माणूस, फोनवर "हो आई, जेवतो" एवढंच म्हणू शकायचा.

मग एका रविवारी मिरजेच्या शेजाऱ्यांचा फोन थेट वर्कशॉपमध्ये आला. मामींना दवाखान्यात ठेवलंय, तुमचं नाव घेतायत, येऊन जा. भाऊजींचा मालक, तिकडच्या भाषेत अरबाब, तसा खडूस म्हणून नावाजलेला. पण आई म्हटल्यावर त्याने स्वतः आपल्या कपाटात ठेवून घेतलेला पासपोर्ट काढला आणि भाऊजींच्या हातात ठेवला. "यल्ला हबीबी, आज जाओ. काम बाद में." आणि आमचे भाऊजी काय म्हणाले असतील? म्हणाले, "सर, कंटेनर आने वाला है. थर्सडे को निकलता हूँ, फ्रायडे को उधर." संध्याकाळी आम्ही सगळे खाली जमलो. वहिनीने बॅग भरून दारात आणून ठेवली होती. माझा नवरा म्हणाला, "दादा, आज रात्रीचं मिळतंय तिकीट, जा ना!" तर भाऊजी म्हणाले, "अरे, आईला माहितेय. मी शुक्रवारचाच असतो." त्यांनी दवाखान्यात फोन लावला. कुणीतरी मामींच्या कानाला लावला असावा. भाऊजी मोठ्याने म्हणाले, "आई, शुक्रवारी येतो गं." मग ऐकत राहिले आणि हसून आमच्याकडे वळले. "बरं, थांबते, म्हणाली."

बुधवारी मामी गेल्या.

भाऊजी त्याच दिवशी निघाले, पण पोहोचेपर्यंत चुलतभावाने अग्नी देऊन सगळं उरकलं होतं. दिवस करून परत आले तेव्हा आम्ही त्यांना घ्यायला विमानतळावर गेलो. बाहेर तीच वाफ, तोच घाम. मला त्यांचा राग आला होता, अगदी कडकडून राग. आणि गाडीच्या आरशात त्यांचं मुंडण केलेलं डोकं दिसलं की तो राग धरून ठेवता यायचा नाही, तेही खरं. त्यानंतर शुक्रवार यायचा तसा येत राहिला. जेवण झालं की भाऊजी सवयीने खुर्ची ओढून फोनजवळ बसायचे, आणि थोड्या वेळाने उठून आतल्या खोलीत जायचे.

वर्षश्राद्धाची तिथी मंगळवारी आली. वहिनीने आणि मी न बोलता शुक्रवारचा बेत केला होता, त्यांनीच शिकवलं होतं ना आम्हाला! पण मंगळवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात भाऊजी, धोतर नेसलेले, खांद्यावर उपरणं. "आज आहे," म्हणाले. "ड्यूटी?" मी विचारलं. "सांगितलं येणार नाही म्हणून." आईचे दिवस सोडले तर एवढ्या वर्षांत या माणसाने आठवड्याच्या मधल्या वारी घेतलेली ही पहिली रजा. आमची नुसती धांदल उडाली. मिळेल ते जमवून वहिनीने खीर, वडे, आमसुलाची चटणी केली आणि पान वाढून आम्ही तिघं गच्चीवर गेलो.

पाण्याच्या टाक्या आणि डिशच्या छत्र्या यांच्यामध्ये भाऊजींनी पान ठेवलं आणि मागे सरकून हात जोडले. कबुतरं आली, साळुंक्या आल्या. भाऊजी त्यांना हाकलत राहिले. कावळा काही येईना. मला ती पहिली सकाळ आठवली. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, त्या माणसाला वचन द्यावं लागतं, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. वहिनी हळूच म्हणाली, "काहीतरी बोला ना त्यांच्याशी." भाऊजी पानाच्या जवळ सरकले. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "आई, आज मंगळवार आहे. कामाचा दिवस आहे. मी आलोय."

ऊन चढत होतं. फरशी पायाला भाजायला लागली. खाली त्यांच्या घरात फोन वाजायला लागला, वाजतच राहिला, वर्कशॉपचाच असणार. वहिनी जायला निघाली तर भाऊजींनी मान हलवली. मीच मग म्हटलं, "भाऊजी, इथे कुठला येतोय कावळा? खाली चला, चक्कर येईल."

त्यांनी उपरणं डोक्यावर ओढून घेतलं आणि टाकीच्या सावलीत खाली बसले, पानाकडे तोंड करून.

"तुम्ही जा," म्हणाले. "मी थांबतो."