सगळ्यांनी मिळून केलेली चूक

मास्तरांच्या म्हशी बेसूर ट्रम्पेट ऐकले की पान्हा चोरत. निदान मास्तरांचा तसा ठाम समज होता. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढायला जाण्यापूर्वी ते गोठ्यात उभे राहून एकच सूर लांबवर धरत. म्हशीने कान पाडले की म्हणत, "लागला. आता धार बघा." आमच्या गल्लीतल्या कुस्तीच्या तालमीच्या बँडमध्ये येऊ पाहणाऱ्याची पहिली परीक्षा त्याच गोठ्यात होई. मी बँकेतून परस्पर, इस्त्रीच्या शर्टात गेलो होतो. मी फुंकले आणि म्हशीने शेपूट उडवली. मास्तर म्हणाले, "न्हाय म्हणत न्हाय ती. इचार करून सांगती म्हणतीया."

बँड म्हटले की लोकांना सुपारी घेऊन वाजवणारे आठवतात. आमचा बँड तसा नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मास्तरांनी तालमीत येणारी हौशी माणसे गोळा करून तो उभा केला, आणि सुपारी घ्यायची नाही हा पहिला नियम घातला. तालमीच्या गणपतीपुढे आम्ही वाजवत असू, शाळेच्या झेंडावंदनाला वाजवत असू, आणि ट्रॉम्बोन वाजवणारे पोस्टातले कांबळे ज्या वसाहतीत राहत, तिथल्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतही. परतल्यावर मास्तरांच्या अंगणात प्रत्येकाला निरशा दुधाचा पेला मिळे. ज्याचे वाजवणे बरे झाले त्याला फेस जास्त.

मला फेस क्वचितच मिळे. चुकण्यापेक्षा चूक दिसण्याला मी अधिक भीत असे; ती भीती आजही पुरती गेली आहे, असे म्हणवत नाही. म्हणून मी हळू वाजवत असे, आणि जरा चुकलो की ट्रम्पेट खाली करून ओशाळ्या चेहऱ्याने मास्तरांकडे पाहत असे. ते वैतागत. "माफी मागाय वेळ हाय व्हय? पुढचा ठोका आला की. अन् चुकायचंच तर मोठ्यानं चूक. आमाला कळंल तरी, तू कुठं हैस ते."

हे केवळ बोलणे नव्हते. सरावात ते मुद्दाम मधल्या ओळी गाळून पुढे उडी घेत, आणि सर्वांनी त्याच क्षणी त्यांच्या मागोमाग उडी घ्यायची, असा दंडक होता. "एकटा चुकला तर ती चूक," ते म्हणत, "समदी मिळून चुकली तर ती चाल. चुकल्याला एकटं सोडायचं न्हाय." इतर बँड जेवढा सराव बरोबर वाजवण्याचा करत असतील, तेवढा आम्ही चुकण्याचा करत असू.

मग एका श्रावणात म्हशीने मान झटकली आणि मास्तरांचे पुढचे दात गेले. "तिचा दोष न्हाय," असेच ते सर्वांना सांगत. "मीच बेसूर हुतो." ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे दात गेले म्हणजे ओठांचा आधारच गेला. कवळी बसवून पाहिली; पहिल्याच फुंकीला ती सुटून वैरणीत पडली. "सासूसुना हैत," कवळी धूत मास्तर म्हणाले. "एका घरात नांदायच्या न्हाईत."

त्या काळात विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती येऊ लागल्या होत्या, आणि तालमीतल्या पोरांनाही तीच हवी होती. तालमीच्या अध्यक्षांनी मास्तरांना तोंडावर सांगितले, "मास्तर, तुमी न्हाय म्हंजे बँडचं काय खरं न्हाय. यंदा शेवटचं बघतो. रंग न्हाय भरला तर फुडच्या साली डॉल्बी." बँडमधला दुसरा ट्रम्पेटवाला मीच; मास्तरांनी आपले ट्रम्पेट माझ्या हाती देऊन मला पुढे उभे केले. मी म्हणालो, "मास्तर, माझ्याने होणार नाही." ते म्हणाले, "ते ठावं हाय मला." आणि ज्या मोठ्या ड्रमला आम्ही नवशिक्याचे ओझे समजत असू, तो गळ्यात अडकवून ते शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

विसर्जनाच्या दिवशी महाद्वार रोडला आमच्या मागे एका मंडळाची डॉल्बी छाती हलवीत होती. अध्यक्ष कडेने चालत होते. मास्तरांची आवडती कवायतीची चाल सुरू झाली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी मला पुढचे काही आठवेना. तिसरे कडवे पुसून गेल्यासारखे झाले. हात खाली येऊ लागला, मान वळू लागली. आणि मागून ड्रमचा एक ठोका आला, इतका भरदार की माफी मागायला जागाच उरली नाही. मी तिसरे कडवे सोडून थेट शेवटच्या कडव्याचा वरचा सूर, होता नव्हता तेवढा दम लावून, फुंकला. त्याच क्षणी कांबळ्यांचा ट्रॉम्बोन माझ्याबरोबर आला. सगळेच आले. सारा बँड एका दमात ती दरी ओलांडून गेला. दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांतून शिट्ट्या सुरू झाल्या. डॉल्बी मागणारी पोरे आमच्याच पुढे नाचत होती.

अध्यक्ष घामाघूम होऊन आले. "मास्तर, ती मधली उडी लई भारी. नवी बसवली व्हय?"

मास्तर बोळक्या तोंडाने, पण अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "महिनाभर घासतोय की." त्या दिवशी माझ्या पेल्यात नुसता फेसच होता. दूध शोधावे लागले. पुढच्या साली डॉल्बीचा विषय कोणी काढला नाही.

पुढे बरीच वर्षे आम्ही ती चाल तशीच वाजवली. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले एक सुभेदार आमच्यात आले, तेव्हा मास्तर अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या करमणुकीसाठी आम्ही अंगणात वाजवायला जमलो. सुभेदारांनी तिसऱ्या कडव्यासकट मूळ चाल निर्दोष वाजवली. ती ऐकून मला लाज वाटली. आतून मास्तरांनी खाटेवर बोटे आपटल्याचा आवाज आला.

"सुभेदार, झ्याक वाजिवता. पर चुकला." मग माझे नाव घेऊन म्हणाले, "त्यास्नी शिकवलं न्हाईस व्हय रं?"

मी शिकवली. ज्या चुकीची मी इतकी वर्षे मनातल्या मनात क्षमा मागत आलो होतो, ती एका जाणकाराला ठोका न् ठोका मोजून, मन लावून शिकवली. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी ती नीट घोटली.

मास्तर गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही वाजवत निघालो. ड्रम कांबळ्यांच्या गळ्यात होता, मी पुढे. पंचगंगेकडे जाताना दूधकट्टा लागला. धारा थांबवून माणसे उभी राहिली. दुसरे कडवे संपले. आम्ही सगळ्यांनी, सुभेदारांसकट, एकदम उडी घेतली. ठोका जिथे पडायचा तिथेच पडला. मी मागे वळून पाहिले नाही.