कुंडलिकचा सा

कन्हेरीच्या कुंडलिकला कुणी विचारलं, "तुम्ही काय वाजवता?" तर तो म्हणायचा, "काय न्हाय, चार तारा छेडतो." ऐकणाऱ्याला तो नम्रपणा वाटायचा, पण ते अगदी खरं होतं. बारामतीच्या चौकडीत तो एकतीस वर्षं तंबोऱ्याला बसत होता आणि तंबोऱ्याला चारच तारा असतात. त्यावर राग वाजत नाही, ताना घेता येत नाहीत आणि टाळ्या तर मुळीच मिळत नाहीत. चार तारा एकामागून एक छेडायच्या, पुन्हा पहिलीवर यायचं, आणि बाकीचे वाजवायचे थांबेपर्यंत हात थांबवायचा नाही. पाठीला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, तरी नाही.

चौकडी उभी केली वैद्य सरांनी. सर बारामतीच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. त्यांच्या हाताखाली तिघं तयार झाली होती. बँकेत कारकून असलेला राम व्हायोलिन वाजवायचा, प्रमोदिनी सतार, आणि दहावीतला ऋषिराज दिलरुबा, म्हणजे मांडीशी उभं धरून गजानं वाजवायचं ते वाद्य. नुसत्या तारांच्या वाद्यांचा कार्यक्रम करायचा असा सरांचा हट्ट होता, तबलासुद्धा नको. पण तंबोऱ्याला माणूस मिळेना. जन्मभर दुसऱ्यांच्या मागं बसायला कोण तयार होतो? शेवटी सरांची नजर गेली शाळेच्या शिपायावर. कुंडलिक रोज कपाटातला तंबोरा वर्गात आणून ठेवायचा आणि ठेवताना चारी तारांवरून बोट फिरवून बघायचा, एखादी तुटली तर नाही ना म्हणून. सर म्हणाले, "अरे, तू रोजच वाजवतोस की. आता बसून वाजव."

पहिल्या वर्षी नरसिंहपूरला देवळात कार्यक्रम होता आणि तिथं एक फजिती झाली. लोक येऊन बसले, आणि आत तिघांचा सा कुठला घ्यायचा यावरून वाद सुरू झाला. रामला चढा हवा, प्रमोदिनीला तारा तुटायची भीती, ऋषिराज रडकुंडीला आलेला. अर्धा तास गेला. बाहेर कुणीतरी ओरडलं, "आवं, ही चौकडी हाय का चांडाळ चौकडी?" सर तडकले. म्हणाले, "आजपासून सा कुंडलिक देईल. तो देईल तो सगळ्यांनी घ्यायचा. त्याच्या खुंटीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही आणि त्याच्या सा वर कुणी तोंड उघडायचं नाही."

तो नियम चौकडीनं सर गेल्यावरही पाळला. तिघं वाद्यं घेऊन बसायची आणि कुंडलिककडे बघायची. तो मान खाली घालून खुंट्या पिळायचा, एकदा चारी तारा छेडायचा, आणि मग तिघं त्याच्यावर आपापल्या तारा मिळवायची. गावात तो शाळेचा शिपाई आणि एक एकर वांग्याचा धनी. पण रामसारखा पुढं मॅनेजर झालेला माणूस त्याच्या सा ची वाट बघत बसायचा. त्या दोन मिनिटांचा कुंडलिकला फार अभिमान होता. बोलून दाखवायचा नाही, पण बायकोला, चंद्राबाईला, ते ठाऊक होतं. कार्यक्रमाचा सदरा ती कुणाला धुऊ द्यायची नाही. ती स्वतः मात्र कधी कार्यक्रमाला आली नव्हती. म्हशींची धार कुणी काढायची?

मोठं नाव चौकडीतल्या कुणाचंच झालं नाही. रामनं दोन वर्षं पुण्याला रेकॉर्डिंगचे उंबरे झिजवले आणि तो मुकाट्यानं बँकेत परतला. ऋषिराजनं इंदापूरला ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकलं, दिलरुबा गल्ल्यामागं टांगून ठेवला. प्रमोदिनी तेवढी सतारीवर जगली, क्लास काढून. तिची एकच इच्छा होती. चौकडीचं एक चांगलं रेकॉर्डिंग व्हावं, चौघांच्या मागं काहीतरी राहावं. मोरगाव, नरसिंहपूर, कॉलेजांची गॅदरिंगं, गणपती, एवढं वाजवलं आणि सगळं हवेत गेलं, असं ती म्हणायची.

कुंडलिकचे कान कधी गेले ते त्यालाही सांगता आलं नसतं. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात तेव्हा चंद्राबाई कावली, "कानात कापूस घातलाय का?" तो हसला. मग एका सकाळी घरी तंबोरा लावायला बसला आणि मधल्या दोन तारा, ज्या हुबेहूब एकसारख्या लागाव्या लागतात, त्या लागल्यात की नाही हे त्याला कळेना. त्यानं पुन्हा छेडल्या. पुन्हा कळेना. डॉक्टर म्हणाले वयानं झालं असेल, किंवा शाळेच्या घंटेनं. ती घंटा व्हरांड्यात त्याच्या कानापाशीच टांगलेली होती आणि तीस-बत्तीस वर्षं त्यानंच ती बडवली होती. कानाचं यंत्र घेऊन झालं. त्यात माणसांचं बोलणं बरं ऐकू यायचं, पण तंबोरा पत्र्याच्या डब्यात खडे वाजवल्यासारखा. यंत्र गेलं कोनाड्यात.

हे त्यानं चंद्राबाईखेरीज कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं की चौकडी गेली, हे उघड होतं. तंबोरा गेला तर त्याच्याकडे उरणार होती घंटा आणि वांगी, आणि घंटेतूनही तो निवृत्त झाला होता.

मग त्याला एक युक्ती सापडली. तंबोऱ्याच्या दांडीला जबडा टेकवून तार छेडली की ती हाडात थरथरते. दोन तारा जुळल्या नसल्या तर थरथर अडखळते, जुळल्या की सरळ वाहते. कुंडलिक कानाऐवजी जबड्यानं तंबोरा लावायला लागला. लोकांना वाटायचं, काय तल्लीन झालाय माणूस! फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. तार जितकी सैल, तितकी हाडात जास्त थरथरते. त्यामुळं दर वेळी त्याचा हात खुंटी किंचित सैलच सोडायचा. आज केसभर, महिन्यानं आणखी केसभर. सा खाली खाली निघाला होता, आणि देणाऱ्याला पत्ता नव्हता.

त्यानंतर कार्यक्रम कमी होत गेले. मोरगावचं बोलावणं थांबलं. प्रमोदिनीच्या क्लासातली पोरंही गळायला लागली. पुण्याहून एक जाणकार मुद्दाम चौकडी ऐकायला आले होते, ते अर्ध्या तासात उठून गेले आणि जाताना म्हणाले, "तारा बोलत नाहीत." कुंडलिकला हे रामनं कानाशी येऊन सांगितलं. कुंडलिकनं सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "आता वय झालं रामराव सगळ्यांची." राम व्हायोलिन पेटीत ठेवायला लागला.

यंदा वैद्य सरांना जाऊन दहा वर्षं झाली. ऋषिराजनं खटपट करून इंदापुरात कार्यक्रम ठरवला, सभागृह मिळवलं, आणि पुण्याहून रेकॉर्डिंगची माणसं बोलावली. प्रमोदिनीला आकाश ठेंगणं झालं. आदल्या दिवशी तालमीला कुंडलिकनं सा दिला, तिघांनी घेतला. घरी येऊन तो चंद्राबाईला म्हणाला, "उद्या तू बी चल. शेवटचाच आसंल." एवढा कार्यक्रम निभावला की कान गेल्याचं कुणाला कळायच्या आत आपणच मानानं बाजूला व्हायचं, असं त्यानं ठरवलं होतं. म्हशी शेजारच्या कुशाबाईवर सोपवून चंद्राबाई निघाली.

दुपारी चारला बारामतीहून निघालेली जीप इंदापुरात सभागृहाशी थांबली. रामला गुडघ्याचा त्रास, प्रमोदिनीचा खांदा दुखत होता. कुंडलिक म्हणाला, "बाई, सतार द्या हिकडं." बऱ्याच वर्षांत त्यानं तिची सतार उचलली नव्हती, ती तिच्या गाडीतूनच यायची. आत नेऊन त्यानं ती रंगमंचावरच्या गादीवर ठेवली, खोळ काढली, आणि जुन्या सवयीनं तारांवरून बोट फिरवलं.

बोट तिथंच थांबलं. तारा ओल्या सुतळीसारख्या लोंबत होत्या. ही सतार त्यानं शेकडो वेळा वाहिली होती. तिच्या तारा बोटाला कशा लागतात हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"बाई, तारा का वो सैल सोडल्या? प्रवासात सोडत न्हाय आपण."

प्रमोदिनीनं रामकडे बघितलं. राम व्हायोलिनची पेटी उघडत होता, तो उघडतच राहिला. मग ती कुंडलिकच्या डाव्या, त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी आली आणि सावकाश म्हणाली, "सोडल्या नाहीत, कुंडलिकराव. कालच्या तुमच्या सा वर आहेत त्या."

त्यानं रामचं व्हायोलिन हातात घेतलं, त्यावर बोट फिरवलं. तेही तसंच. ऋषिराजनं दिलरुबा आपण होऊन पुढं केला. मग तो गादीवर बसला.

"कवापास्नं?"

"तीन वर्षं होत आली," राम जवळ येऊन म्हणाला.

"आन तुमी तिघांनीबी तसंच वाजवलं? त्ये पुण्याचं मानूस उठून गेलं तवाबी?"

"सरांचा नियम होता," ऋषिराज मोठ्यानं म्हणाला. "आणि कुंडलिकतात्या, तुम्ही तरी कुठं काही सांगितलंत?"

चार शहाणी माणसं, चौघांचा एकमेकांवर जीव, आणि तीन वर्षं एकाचंही तोंड उघडलं नव्हतं. त्यानं लपवलं आणि त्यांनी झाकलं, आणि त्यापायी प्रमोदिनीची सतार मुकी झाली. तिच्या क्लासातली पोरं गळाली ती यामुळंच असणार, हे आता त्याला उमगलं. त्याला तिच्याकडे बघवेना.

रेकॉर्डिंगवाला कडेनं डोकावून मोठ्यानं म्हणाला, "सा द्या, मी आवाज बघून घेतो."

कुंडलिकनं तंबोरा रामपुढं सरकवला. "रामराव, तुमी लावा. पैल्यासारका चढा लावा. मी नुसता छेडतो."

रामनं हात पुढं केला. खुंटीपर्यंत नेला. आणि मागं घेतला. "नाही जमायचं माझ्याच्यानं," तो म्हणाला. बँकेत भल्याभल्यांना नाही म्हणणारा माणूस, पण त्याचे डोळे भरून आले होते. ऋषिराज तर भिंतीकडं तोंड करून उभा. प्रमोदिनी म्हणाली, "राहू द्या. कालच्याच सा वर वाजवू. आपलं आहे ते असं आहे."

कुंडलिकला वाटलं, हो म्हणावं. एकच संध्याकाळ. मागं बसावं, मान खाली घालावी, आणि रेकॉर्डिंगमध्ये आपलाही तंबोरा राहावा. मोह मोठा होता. मग त्याची नजर पुन्हा सतारीच्या त्या लोंबत्या तारांवर गेली.

त्यानं तंबोरा मांडीवर घेतला आणि एकेक खुंटी पार उलटी फिरवली. चारी तारा भोपळ्यावर आडव्या पडल्या. खोळ चढवून त्यानं नाडी बांधली.

"आता वाजवायला तंबोराच न्हाय," तो म्हणाला. "बाई, तुमचा क्लासातला डबा काढा."

डबा म्हणजे विजेवरचा तंबोरा. कुंडलिकनं आयुष्यभर त्याची टिंगल केली होती. प्रमोदिनीनं पिशवीतून तो काढला. कुंडलिकनंच तो प्लगला लावला, इतकी वर्षं जिथं बसला त्या, तिघांच्या मागच्या जागेवर ठेवला, वायर कुणाच्या पायात येणार नाही अशी चटईखालून नेली, आणि खाली उतरला.

संध्याकाळी सभागृह भरलं तेव्हा चंद्राबाई पहिल्या रांगेत पदर सावरून बसली होती. नवरा शेजारी येऊन बसलेला बघून ती चमकली. "तुमी हितं?"

"आज हितं," तो म्हणाला.

एकतीस वर्षं चौकडीत असून त्यानं चौकडी समोरून कधी ऐकली नव्हती. आज समोर बसला, तर ऐकू येत नव्हतं. एक घुमघुम तेवढी यायची, विहिरीवरच्या मोटरसारखी. मग तो बघत राहिला. प्रमोदिनीनं खुंट्या पिळल्या, पुन्हा पिळल्या, आणि पहिला आघात केला तेव्हा तार ताठ हलताना त्याला दिसली. रामचा गज सरळ चालला होता. त्यानं मान वळवून बघितलं, तर चौकडी ऐकताना सुस्कारे टाकायची सवय लागलेली माणसं पुढं वाकून ऐकत होती. कडेला कानांवर हेडफोन चढवून बसलेला रेकॉर्डिंगवाला डोळे मिटून डोलायला लागला. तारा बोलत होत्या.

कुंडलिकच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर चालली होती. एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. ती त्याला थांबवता येईनात. चंद्राबाईनं बघितलं, तर त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. तिनं त्या हातावर आपला हात ठेवला आणि डाव्या कानाशी तोंड नेलं.

"आवं, रडताय कशापायी? चांगलं वाजवत्यात की."

"व्हय," कुंडलिक म्हणाला. "चांगलं वाजवत्यात."

तिच्या हाताखाली त्याची बोटं चालूच होती.