यमाचा चहा

सकाळी मोबाइल उघडला. आमच्या लाडक्या स्टँडअप कॉमेडियनच्या चाहत्यांच्या ग्रुपवर तो गेल्याची बातमी होती, आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. दर शोमध्ये तो न्यायला आलेल्या यमाला चहा पाजून परत पाठवायचा. त्यामुळे हीदेखील त्याचीच गंमत, असं सगळ्यांना वाटलं. एकाने तर विचारलं होतं, "यमाला साखर किती?"

मग त्याच्या भावाने लिहिलं, "चेष्टा नाही हो. दादा खरंच गेला."

मी हबकलो. हा मरूच शकत नाही, असं आपण कधीपासून धरून चाललो होतो?

पुन्हा वर जाऊन पाहिलं. ते चेहरे कुणीच काढले नव्हते. आता त्यांच्या डोळ्यांतलं पाणीच तेवढं दिसत होतं.