शाळा समितीची निवडणूक आणि माझा एक हात

आमच्या गावात निवडणुकीशिवायचा दिवस वर्षातून एकदाच येतो, आणि तो कुठला यावरही मतदान घ्यावं लागेल. सोसायटी, डेअरी, ग्रामपंचायत, यात्रा कमिटी. एकदा तर गणपतीत लाऊडस्पीकर कुणाच्या खिडकीकडं तोंड करून लावायचा यावर दोन पॅनल उभी राहिली होती. गाव भीमेच्या दौंडकडच्या काठाला. नदीपलीकडं शिरूर तालुका, आणि निम्म्या गावाची भाकरी पूल ओलांडून रांजणगावच्या एमआयडीसीत भाजते. त्या वाटेवर कंपनीची बस मी चालवतो. म्हणजे निम्मं गाव रोज सकाळी माझ्या ताब्यात असतं. मी ब्रेक मारला की भले भले माझ्यापुढं मान झुकवतात.

अशा या गावात एका खुर्चीसाठी मात्र कधीच निवडणूक झाली नव्हती. ती म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद. मानधन नाही, गाडी नाही, आणि खुर्ची म्हणाल तर तीही तीन पायांची, भिंतीला टेकवून ठेवलेली. गुरुजी दर दोन वर्षांनी कुणाच्या तरी हातापाया पडून अध्यक्ष मिळवत. आधीच्या अध्यक्षाला तर आपण अध्यक्ष आहोत हे पंधरा ऑगस्टला, झेंड्याची दोरी हातात दिल्यावर कळलं.

याचं कारण एकच. गावात वजन असलेल्या माणसांची पोरं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जात होती. उरलेली आमच्यासारख्यांची. पट उतरत उतरत इतका खाली आला की हजेरी घ्यायला गुरुजींना श्वास दुसऱ्यांदा घ्यावा लागत नसे. मग पावसाळ्याच्या तोंडाशी गुरुजींनी मला गाठलं आणि म्हणाले, "सप्टेंबरअखेर पटावर जेवढी मुलं, त्या हिशेबानं शिक्षक. हा आकडा राहिला तर दोघांतला एक जाणार. मी जुना आहे. बाई जातील."

बाई जाणं मला परवडणारं नव्हतं. कारण माझी पोरगी.

माझी पोरगी दुसरीपर्यंत पुस्तक बघितलं की उसात पळायची. आमच्या उसात बिबट्या आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत. म्हणजे वाचण्यापेक्षा बिबट्या बरा, असं तिचं स्वच्छ मत होतं. बाईंनी तिच्यापुढं पुस्तक धरलंच नाही. सगळ्या वर्गाला रस्त्याच्या कडेला नेऊन उभं केलं आणि उसाच्या ट्रकांच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचायला लावलं. दोन महिन्यांत पोरगी खताच्या गोण्या वाचू लागली, औषधाच्या बाटल्या वाचू लागली, आणि एक दिवस माझ्याच बसच्या पाठीमागं उभी राहून म्हणाली, "पप्पा, हितं लिव्हलंय सुरक्षित अंतर ठेवा. तुम्ही का ठेवत न्हाई?" त्या दिवशी मला पोरीचा अभिमानही वाटला आणि थोडी भीतीही. अशी बाई गेली तर पोरगी परत उसात.

गुरुजी म्हणाले, "तुम्ही अध्यक्ष व्हा. बस तुमची, तोंड तुमचं. चार पालकांशी बोला." मी त्याच पावली स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि पार केडगावच्या बाजारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "यंदा शाळेचा अध्यक्ष मी!"

टपरीवर आप्पा बसला होता.

आप्पा माझा चुलतभाऊ. वयानं दोनच वर्षांनी थोरला, पण गाव त्याला आप्पा म्हणतं म्हणून मीही म्हणतो. आमच्या दोघांच्या रानांमधला बांध आजोबांच्या काळी बैलगाडी जाईल एवढा होता. आता त्यावरून मुंग्यांनाही एकेरी वाहतूक आहे. आप्पा गावातल्या झाडून सगळ्या कमिट्यांचा अध्यक्ष. दुसरा कुणी अध्यक्ष झाला की त्याला ताप भरतो.

"कोन? तू?" आप्पानं बशी खाली ठेवली. "मी जित्ता असताना?"

आप्पा तसाच उठून शाळेत गेला. गुरुजींनी नियम सांगितला. सरकारी भाषेत तो लांबलचक असेल, पण आमच्या गावानं त्याचा अर्थ एवढाच काढला, की ज्याचं पोर शाळेत त्याच्या घराला एक मत, आणि त्यालाच उभं राहता येतं.

"आप्पा, तुमची दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत आहेत."

"मंग काढतो की! पोरं माझीच हायत न्हवं?"

दुसऱ्या दिवशी आप्पाच्या पांढऱ्या चारचाकीतून दोन पोरं उतरली. टाय, बूट, पाठीवर चाकाचं दप्तर. आमच्या शाळेची पोरं त्यांच्याभोवती अशी जमली, जशी कलेक्टरभोवती माणसं जमतात. मधल्या सुट्टीपर्यंत एक टाय आंब्याच्या फांदीला लटकला होता आणि दुसऱ्याचा लगाम करून थोरला धाकट्यावर बसला होता.

इथून पुढं जे झालं ते ज्यानं सोसायटीची निवडणूक बघितलीय त्याला सांगायला नको. निवडणूक आली की सभासद वाढवायचे! आप्पानं आपल्या माणसांना निरोप धाडला. पिवळ्या बसमधून त्याच्या गटाची पोरं पिकलेल्या चिंचांसारखी टपाटप गळू लागली. मग मी काय गप्प बसतो? मी बस पुलावर मधोमध उभी केली आणि म्हणालो, "ज्यांची पोरं गावच्या शाळेत न्हाईत, त्यांनी हात वर करा. हात खाली येईस्तोवर गाडी हलनार न्हाई." फर्स्ट शिफ्टला उशीर होतोय म्हटल्यावर माणसाला मातृभाषेचं महत्त्व फार लवकर पटतं.

गॅरेजवाल्या चाचांची मुलगी आधीपासूनच शाळेत होती. त्यांच्याकडं आम्ही दोघंही एकाच वेळी पोचलो. चाचा गाडीखालून डोकंही बाहेर न काढता म्हणाले, "मी दोघांच्याबी गाड्या दुरुस्त करतो. मत मागू नका. ऑईल मागा, देतो."

गावातली पोरं संपली. मग आठवलं गुऱ्हाळ. आमच्याकडच्या गुऱ्हाळांवर लांब हिंदी मुलखातून माणसं येतात, बिऱ्हाडासकट. त्यांची पोरं दिवसभर चिपाडाच्या ढिगावर घसरगुंडी खेळायची. ती शाळेत नाहीत हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मतं कमी पडली तेव्हा आम्हा दोघांच्याही एकाच सकाळी लक्षात आलं. मी गुऱ्हाळाच्या या दारानं शिरलो, आप्पा त्या दारानं.

"भाभीजी, बच्चे को शाळा में डालने का," मी म्हणालो.

"और मत मुझे डालने का," आप्पा पलीकडून ओरडला.

कढईपाशी उभी असलेली बाई पदर सावरत म्हणाली, "दोनों भैया चिल्लाते बहुत हैं। रास्ते में कुत्ते हैं, बच्चों को छोड़ने कौन आएगा?"

दुसऱ्या दिवसापासून आप्पाच्या पांढऱ्या गाडीत गुळानं माखलेली पोरं बसू लागली आणि उरलेली माझ्या स्कूटीवर. पुढं तीन, मागं तीन, आणि मी कुठं बसायचो हे आजही मला सांगता येणार नाही. सीटकव्हरला मुंग्या लागल्या म्हणून आप्पा गावभर मला शिव्या देत होता, पण पोरं सोडायचं एक दिवस चुकवलं नाही. शाळेत बसायला जागा पुरेना. गुरुजी हजेरी घेताना मध्येच थांबून पाणी प्यायला लागले. बाईंनी दोन वर्ग व्हरांड्यात भरवले.

आणि पालकसभेचा दिवस उजाडला. मी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून चहा पीत होतो. वारं माझ्या बाजूनं होतं. बसमधली माणसं माझी, आणि आप्पाच्या गर्वाला कंटाळलेलीही माझी. बायकोनं विचारलं, "अवं, आज काय करनार?"

"जिंकनार!"

"आन् मंग?"

"मंग काय? गुलाल!"

तिनं पोळपाट बाजूला सारलं. "गुलाल झाला. दुसऱ्या दिशी थोरलं भाऊजी काय करतील? पडल्यावर त्यांची पोरं या शाळंत ठेवतील व्हय? सकाळच्या पिवळ्या बशीत घालतील. त्यांच्या गटाचीबी जातील. पट पुन्हा होता तिथं. बाई गेल्या. मंग तुम्ही अध्यक्ष कशाचं? भिंतीचं?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आन् भाऊजी निवडून आलं तर?" ती म्हणाली. "अध्यक्षाचं पोर शाळंतच पायजे. दोन वरसं हलत न्हाईत. त्यांचं पोर हितं म्हंजी त्यांच्या माणसांचीबी हितंच."

"म्हंजी मी पडू?"

"पडा. पर नीट पडा. तुम्हाला पायजे म्हनून त्यांना पायजे. मुद्दाम पडलात असं दिसलं, तर त्यांना त्यात गोडी राहनार न्हाई."

आयुष्यात मी पुष्कळ वेळा पडलोय. दहावीत पडलो, विहिरीत पडलो, सोसायटीला तर डिपॉझिटसकट पडलो. कधी कष्ट पडले नाहीत. पण त्या दिवशी कळलं की ठरवून पडणं ही मोठी विद्या आहे.

सभा शाळेच्या व्हरांड्यात. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, गुऱ्हाळाची मंडळी मध्ये. खिडकीत पोरांची डोकी भाजीच्या टोपलीसारखी रचलेली, त्यात माझी पोरगी, आणि मागं बाई. पहिलं भाषण माझं. मी ठरवूनच आलो होतो.

"मंडळी, मला शाळेतलं काही कळत नाही."

टाळ्या!

"मी निवडून आलो तरी काही करीन असं मला वाटत नाही."

चाचा उठून उभे राहिले. "पयला मानूस असा भेटला, खरं बोलनारा!" परत टाळ्या.

"मला मत देऊ नका," मी जवळजवळ ओरडलो.

एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "किती गरीब सोभावाचा हाय बघ." मी घाबरून खाली बसलो.

आता सगळी मदार आप्पावर. पण आप्पा उठला आणि त्यानं सगळं घालवलं. शाळेला तीन मजले बांधीन म्हणाला. पोहायचा तलाव बांधीन म्हणाला. तलाव म्हटल्यावर बाया हसल्या, कारण शाळेच्या टाकीत पाणी नव्हतं. चिडून तो आणखी बोलत गेला. त्याचीच माणसं घड्याळं बघू लागली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आप्पा, खाली बस रे, आपण हरतोय!

मतदान हात वर करून. गुरुजींनी आधी माझं नाव घेतलं. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तरी हातांचं रान उगवलं. गुरुजींनी मोजून फळ्यावर लिहिलं. मग आप्पाचं नाव. आप्पानं दोन्ही हात वर केले, गुरुजींनी एकच मोजला. गुऱ्हाळाच्या बायांमधली त्या दिवशीचीच कढईवाली सगळ्यात शेवटी हात वर करून म्हणाली, "गाड़ी में बिठाते हैं, इनको भी तो कुछ मिले।" गुरुजींनी दुसरा आकडा लिहिला.

दोन्ही आकडे सारखे.

अशी शांतता की उसातल्या बिबट्याची जांभई ऐकू यावी. गुरुजी चष्मा पुसून म्हणाले, "एका घराचं मत राहिलंय. तुमचंच. बोला."

सगळ्या गावानं माझ्याकडं बघितलं. एका हातानं मी अध्यक्ष होत होतो. आप्पा टॉवेलनं मान पुसत होता आणि त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती बघितली. खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. बांधाचा सगळा हिशेब एका हातात आला होता. तेवढ्यात बायांमधून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मी लग्न झाल्यापासून ओळखतो.

मी हात वर केला. "आप्पाला. आमच्या घराण्यात थोरला समोर असताना धाकट्यानं सोताला मत द्यायची रीत न्हाई."

आमच्या घराण्याची रीत म्हणजे थोरल्याविरुद्ध तहसीलला अर्ज करायची. पण त्या क्षणी सगळ्या गावाला ही नवी रीत पिढ्यान्‌पिढ्यांची वाटली. दोनतीन म्हाताऱ्यांनी तर आपल्या आठवणीतली उदाहरणंही सांगितली.

आप्पा पुढं आला. आधी विश्वास बसेना. मग बसला, आणि बसल्याबरोबर त्यानं खिशातून गुलालाची पुडी काढून पहिली मूठ माझ्याच तोंडाला फासली. "येड्या! एका मतानं पडलास की रं!"

सप्टेंबर गेला, बाई राहिल्या. आप्पा अध्यक्ष म्हणून इतका पेटला की टाकीत पाणी आलं, भिंतींवर रंग आला. मैदान सपाट करायला त्यानं स्वतःचा जेसीबी आणला आणि जाता जाता आमचा बांधही जरा सरळ केला, माझ्या बाजूला. मी तहसीलला अर्ज केला नाही. त्याची पोरं आता माझ्या पोरीबरोबर रस्त्याच्या कडेला उभी राहून ट्रक वाचतात. धाकट्यानं परवा आप्पालाच विचारलं म्हणे, "तुमच्या गाडीमागं काहीच का लिव्हलं न्हाई?"

टपरीवर मात्र दोन वर्षं मला 'पडीक उमेदवार' म्हणायचे. मीही मान खाली घालून चहा प्यायचो. मान खाली घातली की हसू दिसत नाही.

गेल्या आठवड्यात मुदत संपत आली. आप्पा टपरीवर माझ्या शेजारी येऊन बसला, पाय पसरले आणि म्हणाला, "लई केलं बाबा शाळंसाठी. या टायमाला तूच हो. म्या पोरांना घालतो परत पिवळ्या बशीत."

मी चहाचा एक घोट घेतला आणि टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "बरं झालं आप्पा. न्हाईतरी या वेळंला तुम्हाला कोन मत देनार हुतं?"

आप्पानं बशी खाली ठेवली.

"काय म्हनलास?"

मी परत म्हणालो.

संध्याकाळी कंपनीतून परतताना बघितलं, तर गुऱ्हाळाच्या दारात पांढरी गाडी उभी आणि आतून आप्पाचा आवाज, "भाभीजी, नया बच्चा कोई आया क्या?" मी हॉर्न वाजवून पुढं आलो. आता मलाही तयारीला लागायला हवं. या वेळी भाषण आणखी वाईट करायचंय. मागच्या खेपेला टाळ्या फार पडल्या होत्या.