सोवळ्याला रांग नसते

इरावतीला अनोळखी गिऱ्हाइकांचा त्रास नव्हता, ओळखीच्यांचा होता.

मैदागिनच्या रस्त्यावरच्या मोठ्या किराणा दुकानात ती बिलाच्या काउंटरवर बसायची. फोन कानाला लावून नुसती हनुवटी उडवणारे, टोपली रांगेत ठेवून स्वतः जिरं आणायला पसार होणारे, सगळं बिल झाल्यावर "ये वाला हटा दीजिए" म्हणणारे, या सगळ्यांना ती मनातल्या मनात संकठादेवीचं नाव घेत निभावून न्यायची. पण दुर्गाघाट-ब्रह्माघाटाची, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली आपली मराठी मंडळी दारात दिसली की तिचं डोकं उठायचं. "अगं इरा, एवढंच आहे गं, घे पटकन." बाजूने हात पुढे. काउंटरवर आपली पोर बसली आहे म्हटल्यावर रांग कसली? बरं, ती "काका, जरा मागे व्हा ना" असं मराठीत विनवायला लागली, तर मागच्यांना वाटायचं यांचं काहीतरी गूळपीठ चाललंय. यावरून तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या होत्या. मॅनेजर विश्वजीतने सांगून टाकलं होतं, "इरावती जी, एक शिकायत और, फिर आप गोदाम देखिए."

गोदामाचं काम रात्रीपर्यंत चालायचं. काउंटर दुपारीच सुटायचा. तिचा नवरा, प्रसन्न, भिक्षुकी करणारा; यजमानांना घेऊन सदा गया नाहीतर प्रयागला, आणि घरात माई, तिच्या सासूबाई. माईंना दिसत नाही. संध्याकाळी त्यांच्याजवळ कोण बसणार?

त्या दिवशी एकादशी. साबुदाणा, सैंधव आणि शिंगाड्याच्या पिठासाठी रांग पार दारापर्यंत गेलेली. आणि मुक्तामावशी आल्या. शेजारच्याच गल्लीतल्या, माईंच्या बालमैत्रीण. अंगावर सोवळ्याचं रेशमी लुगडं, केस ओले. गायी, सायकली आणि माणसं चुकवत, भिंतीला लागून आलेल्या.

"इरा, अभिषेक अर्धा टाकून आलेय. पंचामृताला मध नाही. देव ताम्हनात ओले बसलेत."

"मावशी, रांगेत या ना."

"रांगेत? मला शिवतील ना सगळे!" त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि दोन बोटांत धरलेली मधाची बाटली पुढे केली. "आणि तूही हात लावू नकोस. लांबूनच ते लाल दिव्याचं कर."

"अहो, कारखान्यातून इथवर येताना या बाटलीला किती हात लागले असतील!"

"ते मी पाहिलेलं नाही."

इरावतीने कपाळाला हात लावला. तेवढ्यात रांगेतला एक बुवा, पिठाची पिशवी खांद्यावर घेऊन, ओरडला, "का हो मैडम, मराठी में का सेटिंग चलत हौ? हमन इहाँ पागल हईं?" चारजणांनी माना डोलावल्या. तेलाच्या डब्यांपाशी उभा असलेला विश्वजीत वळला आणि चालत यायला लागला.

इरावतीच्या डोळ्यांसमोर घरी अंधारात एकट्या बसलेल्या माई आल्या. तिने बाटलीवरची नजर काढली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माताजी, लाइन में आइए."

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. जन्मात कधी त्यांना या पोरीने परकं म्हटलं नव्हतं. आणि तेही माताजी! त्या वळल्या. पदर आवळून रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या माणसाच्या हातात अंड्यांचा ट्रे होता. मागून कुणाची तरी पिशवी त्यांच्या पाठीला लागली. सोवळं तिथेच संपलं.

त्यांची पाळी आली तेव्हा विश्वजीत काउंटरजवळच उभा होता. मावशींचे ओठ थरथरताना पाहून त्याने अदबीने विचारलं, "माताजी, कोई शिकायत?"

इरावती बिलाचा कागद फाडता फाडता थांबली.

"है," मावशी म्हणाल्या. "बहुत है. मगर शिकायत घर की है, घर में करेंगे."

आणि केलीच. इरावती दुपारी घरी पोचली, तर मावशी पुन्हा न्हाऊन, पूजा उरकून, माईंच्या शेजारी ठाण मांडून बसलेल्या.

"काय गं," माई म्हणाल्या, "मुक्ताला तू माताजी म्हणालीस?"

"म्हणाले. मावशी म्हटलं असतं तर आज मी गोदामात असते, आणि तुम्ही इथे एकट्या. उद्या आल्या तरी माताजीच म्हणणार!"

"माई, तुझ्या सुनेला सांग," मावशी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी तिच्याशी बोलत नाहीये."

"माई, त्यांना विचारा, चहा घेणार का?"

"सांग तिला, आल्याचा कर म्हणावं. आणि एकादशी आहे, बिस्किटं आणू नको."

इरावतीने आधण ठेवलं, ते जरा आपटूनच.