रोमन मास्तरांची चूल

आमच्या शाळेतल्या रोमन मास्तरांना लढायांचं काडीचं कौतुक नव्हतं, आणि शिकवायचे मात्र इतिहास. लढाई शिकवून झाली की खडू खाली ठेवून विचारायचे, "कोण जिंकलं ते सोडा. त्या दिवशी जेवायला काय होतं?" मुलं खो खो हसत. मास्तर खरोखरच उत्तराची वाट बघत उभे राहत.

हे नाव त्यांना पडलं ते शाळेच्या संग्रहालयामुळे. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. हेडमास्तरांना किल्ले आणि तलवारी हव्या होत्या. ह्यांनी मागितली रोमन साम्राज्याची उत्तरेकडची सरहद्द! तिथल्या शिपायांना लग्नाची परवानगी नव्हती, तरी त्यांच्या बायका गडाबाहेर झोपड्या बांधून राहत, असं त्यांनी एका जाड इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. त्यांना ती झोपडी हवी होती.

मी चित्रकला शिकवायचो, म्हणून आयताच त्यांच्या तावडीत सापडलो. जांभ्याच्या तुकड्यांची भिंत रचली, वर गवत शाकारलं, चांभाराकडून वहाणांना रोमन शिपायांसारखे खिळे ठोकून आणले. चुलीपाशी मी हौसेनं तांबड्या मिरच्या टांगल्या, तर त्यांनी उतरवायला लावल्या. तेव्हा तिकडे मिरची नव्हती म्हणे. चूलही मोडून पुन्हा घालायला लावली. "एकट्या बाईची चूल लहान असते हो. आणि एक ताट झाकून ठेवा. तो गडावरून कधी येईल, तिला तरी कुठं माहीत?"

उद्घाटनाला त्यांची बायको आली. संगमेश्वराकडच्या गावी ती सासूचं आणि शेतीचं बघायची, मास्तर गणपतीला आणि शिमग्याला जाऊन येत. त्यात कुणालाच काही वाटायचं नाही. माझीही बायको-मुलं दापोलीकडे गावीच असत.

वहिनी झोपडीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्या झाकलेल्या ताटाकडे बघत मला हळूच म्हणाल्या, "ही काय रांधत होती ते ह्यांना ठाऊक. मी काय रांधते ते कधी विचारलंनी नाय."

मास्तर मागेच उभे होते. पाहुण्यांना वस्तू दाखवायची छडी हातात तशीच राहिली, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वहिनींच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. लाज त्यांची होती, पण मान माझीही वर होईना.

त्यानंतर वर्गात त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही. वर्ष संपताच गावाजवळची एका खोलीची शाळा मागून घेतली. शहरातली नोकरी सोडतोय म्हणून सगळ्यांनी वेड्यात काढलं. एसटी स्टँडवर पोचवायला मी एकटाच गेलो होतो. गाडीची वाट बघताना म्हणाले, "लाज वाटते हो. दोन हजार वर्षांपूर्वीची चूल मला दिसत होती."

गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुमच्या घरी आज जेवायला काय असेल?"

मी चौकशीच्या खिडकीवर जाऊन दापोलीची गाडी किती वाजता ते विचारलं.